बर्फाच्या पेटीची वही

बर्फाची पेटी मागितली ती माझ्या पत्नीने. वैशाखात सकाळचं दूध दुपारपर्यंत नासायचं आणि दूध नासलं की आई म्हणायची, "सूनबाईंचं लक्ष कुठे असतं कोण जाणे." दहा उन्हाळे तिने ते ऐकून घेतलं. अकराव्या उन्हाळ्यात, सन एकोणीसशे चौतीसमध्ये, ती मला म्हणाली, "अहो, ती बर्फाची पेटी म्हणतात, ती आपल्याला घेता येईल का?" लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तिने आपणहून मागितलेली ती पहिलीच वस्तू.

मी बांधकाम खात्यात मोजमापं घेणारा माणूस. नाशिकच्या मेन रोडवरच्या दुकानात तीनदा गेलो. पेटी सागवानी होती, आतून जस्ताचा पत्रा. वरच्या कप्प्यात बर्फ, खाली अन्न आणि वितळलेलं पाणी नळीवाटे तळाच्या परातीत. मी फळीची जाडी मोजली. दाराच्या फटीत कागद धरून दार लावलं आणि कागद ओढून पाहिला. निघाला नाही.

दुकानदार हसला. "रावसाहेब, पेटी घ्यायला आलात की मुलगी बघायला?"

फळी आणि पत्रा यांच्या मधे काय भरलंय, तेही विचारलं. "भुसा. अगदी कोरडा," तो म्हणाला. कोरडा होता हे खरं. कोरडाच राहील का, हे मी विचारलं नाही.

बर्फ नाशिक रोडहून टांग्याने यायचा, गोणपाटात गुंडाळून. बर्फवाले चाचा दहा शेर म्हणून द्यायचे. एका रविवारी मी तोलला तर सात भरला. चाचा म्हणाले, "साहेब, तीन शेर रस्ता प्यायला. त्यालाही ऊन लागतं." एरवी बर्फ यायचा तो मी कचेरीत गेल्यावर. आधीचा किती उरला आहे, हे मी कधी पाहिलं नाही.

बाकी सगळं मात्र वहीत लिहीत असे. काय ठेवलं, किती तास राहिलं, कसं निघालं. रोज सकाळी परातीतलं पाणी तांब्याने मोजायचं, तेही लिहायचं. 'कसं निघालं' हा रकाना पत्नीला विचारून भरायचा, कारण पेटीतून निघालेलं तीच खायची. आई शिळं खात नसे. मला आणि मुलांनाही वाढत नसे. आम्ही जेवून उठल्यावर पत्नी स्वयंपाकघरात एकटी जेवायला बसायची आणि उरलेलं संपवायची. हे पेटी येण्याआधीपासून तसंच होतं. फरक एवढाच, की आधी उन्हाळ्यात उरलेलं टिकत नसे, संध्याकाळी भांडेवाली घेऊन जायची. आता ते दोन-दोन, तीन-तीन दिवस घरात राहू लागलं.

"कालची आमटी कशी निघाली?" मी विचारायचो.

"चांगली."

"आणि भात?"

"तोही चांगला."

माजघरातून आई म्हणायची, "नासलं की सांगा हो. नसत्या हौसा करू नका, हे मी आधीच म्हटलं होतं."

परातीतलं पाणी कमी होत गेलं. पहिल्या पंधरवड्यात सहा तांबे, मग चार, मग दोन. बर्फ जास्त टिकतो आहे, असा मी अर्थ लावला आणि कचेरीत वही नेऊन दाखवली.

ज्येष्ठात पत्नी आजारी पडली. उलट्या, जुलाब, अंगात ताप. डॉक्टर घरी आले. काय खाल्लं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "आम्ही सगळ्यांनी खाल्लं तेच. बाकी कुणाला काही झालेलं नाही."

"सगळ्यांनी एकाच भांड्यातलं खाल्लं का?" त्यांनी विचारलं.

ते गेल्यावर मी पेटी उघडली आणि आमटीची वाटी तोंडाला लावली. आंबट ढाण. भाताला तार सुटली होती. त्याच आमटीपुढे, त्याच भातापुढे आदल्या संध्याकाळी वहीत मी माझ्या अक्षरात 'चांगलं' लिहिलं होतं.

नळी शेवाळाने बुजली होती. पाणी परातीत न जाता सांध्यातून भुशात मुरत होतं. मागची फळी उचकटली तेव्हा काळा, कुजलेला भुसा हातात आला. कोमट होता.

मी तिच्या अंथरुणाशी बसलो. "अगं, सांगितलं का नाहीस?"

"पेटी मीच मागितली होती ना," ती म्हणाली. मग पांघरूण ओढून घेत म्हणाली, "आणि तुम्ही इतकं मन लावून लिहीत होता."

त्याला आता तीन वर्षं झाली. पेटीत भुशाऐवजी बुचाचे तुकडे भरून घेतले. नळीत दर रविवारी सोड्याचं गरम पाणी मी स्वतः ओततो. आदल्या दिवसाचं काही असलं की आधी माझ्या ताटात वाढायला लावतो. त्यावरून आई चार महिने माझ्याशी धड बोलली नाही. पेटी उत्तम चालते. पत्नीचं पोट मात्र कायमचं बिघडलं. पूर्वी मनगटावर बसणाऱ्या बांगड्या आता कोपरापर्यंत चढतात.

डॉक्टर महिन्यातून एकदा येतात. पोट दाबून पाहतात आणि विचारतात, "दुखतं का, बाई?"

ती आधी माझ्याकडे बघते. मग म्हणते, "नाही. चांगलं आहे."

डॉक्टर ते लिहून घेतात.