कृपया थांबा

औरादला घरी बसून वेबसाईट बनवायचं काम मी सुरू केलं, तेव्हा माझ्या अंगात जरा मस्ती होती, हे आज मान्य करते. बिदरच्या एका धर्मादाय दवाखान्याचं काम मिळालं आणि मी ठरवलं, पुण्या-बंगळुरूवाल्यांच्या तोडीस तोड करून दाखवायचं.

माझी वेबसाईट उघडली की आधी कोरं पान यायचं. मग जावास्क्रिप्ट कोडचा भलामोठा गठ्ठा फोनवर उतरायचा आणि तो चालू झाला की मजकूर आणून पानावर मांडायचा. हल्ली बरेच जण असंच करतात. फॉर्म भरायचा असेल, नकाशा हलवायचा असेल तर ते लागतंही. पण डॉक्टरांचे वार, पत्ता, याद्या हे सगळं एकदा लिहिलं की तसंच राहणारं. ते सरळ पानातच लिहून मोकळी हो की, असं एका जुन्या सहकाऱ्यानं सुचवलं, तेव्हा मी वाद घालून त्याला जुन्या काळातला म्हणून चिडवलं होतं. मजकूर येईपर्यंत एक चक्र फिरायचं आणि त्याखाली मराठीत नि कन्नडमध्ये ‘कृपया थांबा’ अशी अक्षरं यायची. आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलतेय, याचं मला कोण कौतुक. दवाखान्याच्या ऑफिसात वायफायवर सगळं चुटकीसरशी उघडलं आणि मी खूश होऊन घरी आले.

पुढे दवाखान्यानं मोतीबिंदूचं शिबिर ठेवलं. नोंदणी केलेल्यांना पावतीचा नंबर दिला आणि कोणी कोणत्या दिवशी यायचं ते वेबसाईटवर लागेल म्हणून सांगितलं. त्या पावत्यांपैकी एक मुडबीला राहणाऱ्या माझ्या आत्याची होती. आत्या एकटीच राहते, ब्लाउज शिवते. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन आधीच झालं होतं. दुसऱ्यानं जवळजवळ दिसेनासं झालं होतं आणि मशीनवर शिलाई तिरकी जायला लागल्यानं गिऱ्हाईक तुटायच्या बेतात होतं. यादी बघता यावी म्हणून मी तिला माझा जुना फोन दिला होता.

शिबिर संपल्यावर चार दिवसांनी मोसंबी घेऊन मी मुडबीला गेले. आत्या दारात उभी होती आणि तिच्या डोळ्याला पट्टी नव्हती.

“आत्या, ऑपरेशन झालं न्हाई?”

“अजून कुठं बोलावलंय?” असं म्हणून तिनं तुळशीकट्ट्यावरचा फोन आणला. घरात रेंज येत नाही म्हणून तो आठवडाभर तिथंच मांडून ठेवला होता. पांढऱ्या पानावर माझं चक्र फिरत होतं. “हे बघ. रोज सकाळी उघडायले. थांबा म्हनायलंय.”

“मग कोणाला तरी विचारायचं न्हाई का?”

“शेजारची अक्का म्हनली, दवाखान्यात फोन लावू. म्या म्हनलं, कामून? माझ्या भाचीनं केलंय ते. ती थांबा म्हनायलीय तर कायतरी असंलच की.”

मला आधी तिचाच राग आला. मग फोनचा, मग त्यावर दिसणाऱ्या रेंजच्या एकुलत्या कांडीचा. जुन्या फोनवर एवढं ओझं चालत नाही, हे सांगायला तोंड उघडलं आणि फोन माझाच होता हे आठवून मिटलं. बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, जिथं कोणी थांबा म्हटलं तिथं आत्या जन्मभर थांबत आलेली. मीही तिला तेच सांगितलं होतं, वर दोन-दोन भाषांत. मला मनापासून लाज वाटली.

दवाखान्यात फोन केला. पुढचं शिबिर दिवाळीनंतर, तिचं नाव आधी घेऊ म्हणाले. दिवाळीला अजून पाच महिने होते. मी तिच्या अंगणातल्या खाटेवर लॅपटॉप उघडून बसले आणि ती यादी साध्या मजकुरात पानातच लिहून टाकली. चक्र काढलं, जावास्क्रिप्ट काढलं. आत्यानं केलेला चहा निवायच्या आत काम झालं. एवढ्याशा कामासाठी मी त्या सहकाऱ्याशी तासभर वाद घातला होता.

मग तिच्याच फोनवर, तुळशीकट्ट्याजवळ उभं राहून पान उघडलं. ते लगेच आलं. आत्यानं फोन चांगल्या डोळ्याजवळ नेला आणि एकेका ओळीवरून बोट खाली आणलं. तिच्या पावतीच्या नंबरापुढे मंगळवार, सकाळी नऊ असं लिहिलेलं होतं.

“मंगळवारी म्या घरीच व्हते,” ती म्हणाली. मग त्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. “एवढंच दाखवायचं व्हतं व्हय, पोरी?”

मी व्हय म्हटलं.