बंपरमध्ये अडकलेली चप्पल
माझं अक्षर वाईट आहे आणि शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा चुका पोटात घालाव्यात. कोंबड्यांचा वास आला की मला ती सकाळ आठवते. मुलगा नवापूरहून कोंबड्यांची पिकअप चालवायचा. त्या सकाळी तो घरात आला. विसरवाडीजवळ एका सायकलवाल्याला धडक देऊन तो न थांबता पळून आला होता. गाडीच्या बंपरमध्ये त्या माणसाची चप्पल अडकली होती. "माय, कोनी दखं नही," तो म्हणाला. त्याच्या वडिलांनी बादली उचलली. "मी गाडी धुई टाकस. तू याले सुरतले मामाकडे धाडी दे." नवऱ्यापुढे मी कधी बोलत नसे, पण चप्पल पदरात बांधली आणि मुलाला म्हटलं, "चाल, ठाणामा. मी संगे शे." माणूस जिवंत आहे, पाय मोडलाय, हे पोलीस ठाण्यात कळलं आणि मी पदरातली चप्पल सोडून टेबलावर ठेवली. मुलाला शिक्षा झाली. सुटल्यावर त्यानं मजुरी करून उपचाराचे पैसे थोडे थोडे फेडले. काल शेवटचा हप्ता द्यायला मी आणि मुलगा त्या सायकलवाल्यांच्या घरी गेलो. ते चालत दाराशी आले, दोन्ही पायांत चपला होत्या. पैसे घेऊन पहिल्यांदाच माझ्या पोराशी बोलले, "आते सगळं फिटनं. बस, च्या पी."