हात धुवाचं पाणी

"हे पाणी पिवाचं नोहे भाऊ, हात धुवाचं होय."

असं म्हणून वाढप्यानं एका पाहुण्याच्या हातातला ग्लास काढून घेतला. तो ग्लास माझ्या कॅनमधून भरला होता. मी मागंच उभा होतो, रिकाम्या कॅन उचलाले आलो होतो.

केशोरीत माझा पाण्याचा प्लांट आहे. पाणी शुद्ध करायचं, थंड करायचं, लग्नात-तेरवीत कॅन पोचवायच्या. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या पोरानं साऱ्या गावाले पाणी पाजाचं, हे डोक्यात घातलं योगेशनं. माझा शाळेतला दोस्त, गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा पोरगा. "पाण्याले कुठं जात राहते बे," म्हणे. फक्त कॅनवर आडनाव नको टाकू, साधं 'शीतल जल' लिही म्हणे. लिहिलं. लोकायले समजाचं ते समजलंच. ऑर्डरी आटत गेल्या. देवरीचा एक जण मशीन विकत घ्याले तयार होता, मीही देऊन टाकणार होतो. तवा योगेशच म्हणला, "थांब. बहिणीच्या लग्नात तुझंच पाणी राहीन. सारं गाव पिईन. मंग पाय."

त्या बोलण्यावर थांबलो मी. बायको विकून टाक म्हणत होती, तिचं न ऐकता थांबलो.

आन आता पाहतो तं पिवाच्या कॅन गोंदियाहून आणलेल्या. समोर, पांढऱ्या कपड्याच्या टेबलावर. माझ्या कॅन मांडवाच्या मागं, उष्ट्या ताटांजवळ.

योगेश फेटा बांधून पाहुण्यायले या-या करत होता. त्याले बाजूले घेतलं.

"काऊन असं केलं बे?"

"बाबूजी ऐकत नाईत. मनावर नको घेऊ. ऑर्डर तं तुलेच देली ना?" मंग खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणला, "असं कर, प्लांट माझ्या नावानं चालव. तू मागं राह. पाय मंग कसा चालते."

मनावर नको घेऊ! बाबूजीचा राग नाई आला मले. ते कधी गोड बोललेच नाईत. पण हा? माझ्या डब्यातली भाजी खाऊन मोठा झालेला. याले सारं माहीत होतं, तरी यानंच मले थांबवलं.

गाडी मांडवामागं लावली. एकेक कॅन चढवली. भरलेली, अर्धी, सगळी. पंगत नुकतीच उठली होती. पाहुणे वरणाचे हात धरून उभेच्या उभे.

योगेश धावत आला. "काय करून राहिला बे? आमची इज्जत घालवतं का?"

"माझं पाणी घेऊन जाऊन राहिलो."

"उद्यापासून गावात तुझी एक कॅन खपणार नाई."

खरंच नाई खपली. फोन आला तो देवरीवाल्याचाच. मशीन देतं का म्हणून. बायको माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिनं मान हलवली, नाई म्हणून. मी फोनवर तेच सांगितलं.

मंग दोघायनं मिळून 'शीतल जल' घासून काढलं. हरेक कॅनवर माझ्या बापाचं नाव लिहिलं, आडनावासकट, रस्त्यावरून वाचता येईल एवढं मोठं. या बापाले योगेशच्या घरच्या विहिरीत कधी बादली टाकू देली नव्हती.

धंदा टिकन का नाई, मले माहीत नाई. मागं राहून मात्र चालवणार नाई. चालला तं या नावानं चालन. बुडाला तं याच नावानं बुडन.