वांडाबाईंचा पक्का टाका

मॅरोबीत एखादा खेळाडू चांगला खेळू लागला की लोकांना काळजी लागते. आमच्या गावाचा हेरन्स नावाचा बेसबॉलचा संघ आहे आणि त्याच्या मालकाला दर जुलैत आपला सर्वांत चांगला गडी एखाद्या मोठ्या शहराला देऊन टाकायची खोड आहे. बदल्यात तीन कोवळी पोरं येतात. ती तयार होईस्तोवर त्यांचाही जुलै येतो.

वांडा पिएत्झाक यांचं शिवणकामाचं दुकान बेकरीला लागून आहे. लोक संघाची जर्सी घेतात आणि पाठीवर आवडत्या खेळाडूचं नाव वांडाबाईंकडून शिवून घेतात. ऑगस्टात तेच लोक तीच जर्सी घेऊन परत येतात. त्यामुळे नाव घालायचं ते कच्च्या टाक्यानंच, असा बाईंचा शिरस्ता. उसवायला दहा मिनिटं पुरतात.

त्यांच्या स्वतःच्या जर्सीची पाठ कोरी होती. नवरा लेनर्ड आणि त्या, मैदानात तिसऱ्या बेसच्या बाजूच्या दोन खुर्च्या, एकतीस हंगाम. लेनर्ड गेल्यावर त्याच्या खुर्चीत शेजारचे डेलमार बसू लागले. डेलमार निवृत्त बसड्रायव्हर, म्हणून संघ कुठे चुकतो ते त्यांना बरोबर कळतं.

मे महिन्यात लुसिओ बारेरा पँट आखूड करायला दुकानात आला. हेरन्सचा तो तेव्हाचा सर्वांत लाडका फलंदाज.

"मावशी, तुमच्या जर्सीवर कुणाचंच नाव नाही?"

"टिकत नाही रे कुणी."

"मग माझं घाला. बायको इथलीच, घर घेतलंय. मी कुठे जातोय?"

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. संध्याकाळी दुकान लवकर बंद करून त्यांनी आपल्या जर्सीवर बारेराचं नाव घातलं, पक्क्या दुहेरी टाक्यानं.

"अगं, हे उसवणार कसं?" डेलमार म्हणाले.

"उसवायचंच नाही."

पुढच्या हंगामासाठी खुर्च्या राखून ठेवण्याचा फॉर्म जुलैच्या एकतीस तारखेपर्यंत भरून द्यावा लागतो. बाईंनी तो टाचण्यांच्या डबीखाली ठेवला. बारेरा त्या दिवसापर्यंत राहिला तर सही करायची, नाहीतर खुर्च्या सोडायच्या. हे त्यांनी फक्त डेलमारना सांगितलं, म्हणजे गल्लीभर झालं.

आणि बारेरा नेमका खेळतच सुटला. जूनमध्ये त्यानं अकरा होम रन मारले, चेंडू थेट मैदानाबाहेर. प्रत्येक वेळी डेलमार कपाळाला हात लावत. "घ्या! परत मारला मेल्यानं." बेकरीवाल्यानं खिडकीतला त्याचा फोटो काढून ठेवला, उगाच कुणाच्या नजरेत यायला नको.

तीस तारखेला दुपारचा सामना होता. मोठ्या शहरांच्या संघांची चार माणसं पुढच्या रांगेत वह्या उघडून बसली होती. शेवटचा डाव, हेरन्स एका धावेनं मागे, एक गडी धावेच्या वाटेवर बेसवर थांबलेला, आणि बारेरा बॅट घेऊन आला. एक चेंडू चुकला. दुसराही चुकला. तिसरा चुकला की तो बाद आणि सामना संपला.

"चुकव रे बाळा," वांडाबाई पुटपुटल्या. "फक्त हा एक."

बारेरानं जीव खाऊन बॅट फिरवली आणि चेंडू चुकला. हेरन्स हरले. वह्यावाल्यांनी वह्या मिटल्या. वांडाबाई उठून टाळ्या वाजवू लागल्या, मग डेलमार उठले, मग तिसऱ्या बेसकडची सगळी माणसं. बारेरानं चकित होऊन वर बघितलं आणि टोपी काढून मान लववली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता रेडिओनं सांगितलं की बारेराला दिलं. बदल्यात तीन पोरं.

दोन वाजता तो स्वतःच दुकानात आला. बाहेर गाडीत सामान आणि बायको.

"मावशी, मी शब्द मोडला नाही हो. सकाळी फोन करून नुसतं सांगितलं त्यांनी."

"ठाऊक आहे रे."

"आजवर हरल्यावर शिव्याच खाल्ल्या. काल मी सामना घालवला आणि तुम्ही उठून टाळ्या वाजवल्यात. तेवढं घेऊन चाललोय."

बाईंनी त्यानं गेल्या आठवड्यात टाकलेली पँट घडी करून दिली, गाडीतल्या त्याच्या बायकोच्या हातात बेकरीतला पुडा कोंबला आणि गाडी वळेपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

मग डेलमार आपली जर्सी घेऊन आले. तिच्यावरचं बारेराचं नाव दहा मिनिटांत उसवून झालं.

"तुझी?"

"राहू दे."

"फॉर्मची आज शेवटची तारीख आहे, वांडा. दर वर्षीच देतात गं कुणाला तरी. आपण सोसतोच की."

"ते मी याही वर्षी सोसलं असतं," वांडाबाई म्हणाल्या. "पण काल माझं पोर चुकलं म्हणून मी टाळ्या पिटल्या, आणि ते मला वाकून नमस्कार करून गेलं. त्या खुर्चीत मी परत बसू कशी, सांग?"