दळणावर नजर

जयमालाबाई केळुसकर वाशीला राहायला आल्या, तरी पहिलं वर्षभर त्यांचे गहू परळलाच दळले जात होते. शनिवारी सकाळी त्या कापडी पिशवीत गहू भरायच्या, पिशवीचं तोंड सुतळीनं घट्ट बांधायच्या आणि खाडीपुलावरून मुंबईला जाणारी बस धरायच्या.

एकदा कंडक्टरनं विचारलं, "बाई, पिशवीत काय आहे?"

"गहू."

"विकायला नेताय?"

"दळायला."

कंडक्टरनं पिशवी बोटानं दाबून पाहिली. त्याचा विश्वास बसला नसावा, कारण दादर येईपर्यंत तो अधूनमधून मागं वळून बघत होता. जयमालाबाईंना त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी त्या असत्या तर त्यांनी पिशवी उघडायला लावली असती.

त्यांचे यजमान नंदकुमार एका औषधाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखाना रबाळ्याला हलला आणि त्याच्यामागं सत्त्याहत्तर साली केळुसकरांचं बिऱ्हाड चाळीतल्या एका खोलीतून वाशीच्या दोन खोल्यांत आलं. घरातच संडास, स्वतःचा नळ, कपडे वाळत घालायला गॅलरी. नंदकुमार खूश होते, मुलगी नंदिनी खूश होती. जयमालाबाईंना मात्र पहिल्या दिवसापासून इथं काहीतरी गडबड आहे असं वाटत होतं. सगळ्या इमारती एका साच्यातल्या. एकदा त्या शेजारच्या इमारतीत शिरल्या आणि परक्या दाराला आपली किल्ली लावून फिरवत राहिल्या. आतून एक बाई घाबरून "कोण आहे?" म्हणून ओरडली तेव्हा त्यांना कळलं. चूक त्यांची होती, पण घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "एकसारखी घरं मुद्दाम बांधलीत. माणूस गोंधळला पाहिजे म्हणून."

"कुणाला काय मिळणार त्यातनं?" नंदकुमार म्हणाले.

"ते कळलं असतं तर बोललेच असते."

शेजारणी दारं लावून घरात बसायच्या. दार लावून दिवसभर आत काय करत असतील, याचा जयमालाबाईंना घोर. चाळीत प्रत्येकाच्या घरातलं भांडणसुद्धा सगळ्यांना पाठ होतं. खालचा किराणावाला तर फारच गोड बोलायचा. पहिल्या दिवशी त्यानं नाव विचारलं, दुसऱ्या दिवशी नावानं हाक मारली. याला काहीतरी जुनं खपवायचंय, हे त्यांनी तिथंच ओळखलं आणि डाळीत हात घालून तळापासून ढवळून पाहिली. डाळ चांगली निघाली, तर त्यांना वाटलं की आज चांगली वर ठेवली असेल.

परळला असलं काही करावं लागत नव्हतं. दिनानाथच्या गिरणीत तर त्या लग्न होऊन आल्यापासून जात होत्या. डबा ठेवायचा, "दिनानाथ, बारीक हं" एवढं सांगायचं आणि मासळीबाजारात निघून जायचं. परत येईपर्यंत दळण तयार. तिथं उभं राहून बघत बसायचं कधी त्यांच्या मनातही आलं नाही. शनिवारी ती गिरणी, तो कोपऱ्यावरचा चहावाला, सुकटीचा वास, ओळखीचे दोन-चार चेहरे दिसले की आठवडाभर आवळून धरलेलं काहीतरी सैल व्हायचं. परतीच्या बसमध्ये मांडीवर गरम पिठाची पिशवी घेऊन त्या बसायच्या. पुलावर खाडीचा वारा लागला की पुन्हा कपाळाला आठी.

वाशीतही गिरणी होती. त्यांच्या इमारतीच्या मागं दुकानांची एक रांग होती, तिच्या टोकाला. चालवणारा पंढरी वाशीलगतच्या जुहूगावचा. त्याच्या घरची भातशेती नव्या शहरासाठी गेली होती आणि भरपाईच्या पैशांतून त्यानं गिरणी टाकली होती. हे कळल्यावर जयमालाबाईंची खात्रीच पटली.

"त्यांच्या जमिनीवर आपण राहतोय," त्या नंदकुमारना म्हणाल्या. "मनात राग असणारच. तो कुठं काढणार? आपल्या पिठात."

पण दुसऱ्या वर्षी बसमधून उतरताना त्यांचा पाय घसरला आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. मग नंदकुमारनी एकदाच आवाज चढवला. "पुरे झालं परळ. गिरणी मागं आहे. नंदिनी डबा उचलेल."

नंदिनीनं डबा नेऊन ठेवला आणि ती कॉलेजला गेली. जयमालाबाई प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून गिरणीच्या दारात उभ्या राहिल्या, त्या दळण हातात येईपर्यंत हलल्या नाहीत. आधी कुणाचं दळलं, मधे ज्वारी आली का, जात्यात किती राहिलं, सगळं त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. पंढरी तिशीचा, केसांवर, भुवयांवर पीठ बसलेला, कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्या माणसाचा त्यांना आणखीनच संशय.

गिरणीच्या पायरीवर पंढरीची आई पुतळाबाई बसायची. सांडलेलं पीठ केरसुणीनं गोळा करता करता ती या बाईकडं एकटक बघायची. दोन-तीन आठवडे झाल्यावर तिनं मुलाला विचारलं, तेही जयमालाबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं. "पंढरे, ही सरकारची बाय हाय का रं? पुन्ना मोजणी करताव का काय?"

"नाय गो आये. दळनाला आलीय."

"मंग अशी का बघतं?"

पंढरीनं पुढचा डबा जात्यात ओतला. पुतळाबाईचं काही समाधान झालं नाही. पुढे कितीतरी दिवस जयमालाबाई दिसल्या की ती पदर सावरून ताठ बसायची आणि दोघी एकमेकींवर नजर ठेवून राहायच्या.

हात बरा झाला तरी परळची फेरी लांबत गेली. दर गुरुवारी गिरणीच्या दारात उभं राहायचं, असं होऊन बसलं. अशातच त्यांच्या बहिणीनं, वैजयंतीनं, निरोप पाठवला की येत्या रविवारी आम्ही दोघं तुमचं नवं घर बघायला येतो. परळचं माणूस पहिल्यांदाच इथं येणार होतं. जयमालाबाईंनी कोंबडी-वड्यांचा बेत ठरवला. तांदूळ, उडीद, धणे, थोडी मेथी, सगळं आपल्या हातानं भाजलं, वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात भरलं आणि दळायला नेलं. नेमकी नंदिनी धावत आली की पाणी आलंय आणि नळाची चकती निसटलीय, स्वयंपाकघरात तळं झालंय. जयमालाबाई घरी पळाल्या. नळ बंद करून परत आल्या तेव्हा त्यांचा डबा दळून, झाकण लावून बाजूला ठेवलेला होता.

रविवारी वडे तेलात सोडले ते बुडाले आणि तिथंच राहिले. काळपट, चपटे, कडेनं फाटलेले. वैजयंतीनं एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"बाजरी घातलीस?" तिनं विचारलं.

"बाजरी? मी? वड्यांत?"

"मग इथल्या पाण्याचं असेल," वैजयंती म्हणाली आणि तिनं नवऱ्याकडं पाहिलं. ती नजर जयमालाबाईंना वड्यांपेक्षा जास्त लागली.

सोमवारी सकाळी त्या वाटीत ते पीठ घेऊन गिरणीवर गेल्या. बायकांची गर्दी होती. तेच त्यांना हवं होतं. रात्रभर त्यांनी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. तो म्हणेल हे तुमचंच पीठ, की आपण हे म्हणायचं. तो म्हणेल तुमचं धान्यच तसं, की आपण ते म्हणायचं.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "एक दिवस पाठ फिरवली, तर हे."

पंढरीनं बटण दाबलं. पट्टा मंदावत थांबला आणि गिरणीत एकदम शांत झालं. त्यानं वाटीतली चिमूट जिभेवर ठेवली.

"यो पीठ तुमचा नाय, वयनी," तो म्हणाला. "तवा दोन डबं सारखंच व्हतं. बदली झालं आसल. चूक माझी हाय."

जयमालाबाई पुढचं ऐकायला थांबल्या, पण पुढं काहीच नव्हतं. त्यांनी जुळवून ठेवलेल्यातलं एकही वाक्य इथं लागू पडत नव्हतं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं हळूच आपल्या डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं. पायरीवरून पुतळाबाई मुलाला म्हणाली, "का बोललास रं? आता कोन येल?"

"झाली ती झाली," पंढरी म्हणाला आणि त्यानं पुन्हा बटण दाबलं.

संध्याकाळी गिरणी बंद करून तो सायकलवर इमारती फिरला. डबा निघाला तिथल्याच एका मीनाबाईंकडं. साताऱ्याकडच्या होत्या, थालीपिठाची भाजणी दळायला टाकली होती. त्यांनी वड्याच्या पिठाची थालीपिठं लावून अर्धं संपवलंही होतं आणि यंदाची भाजणी फार छान झाली म्हणून घरात कौतुकही करून घेतलं होतं. उरलेलं पीठ घेऊन पंढरी जयमालाबाईंच्या दारात आला. दुसऱ्या हातात तांदळाची पुरचुंडी होती.

"हे कशाला?" जयमालाबाईंनी दार अर्धंच उघडलं.

"आर्धा पीठ गेला ना तुमचा. आमचे घरचा तांदूल हाय."

"माझं तोंड बंद करायला?"

"तुमी तर कवाच बोललाव," पंढरी म्हणाला. "सगल्यांसमोर. आता काय बंद करायचा?"

नंदकुमार आतून हसले. जयमालाबाई हसल्या नाहीत. त्यांनी तांदूळ घेतला, ताटात पसरला, निवडला, वास घेतला. एकही खडा निघाला नाही तेव्हा त्यांना उलट अस्वस्थ वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यातला मूठभर शिजवला आणि आधी एकटीनं खाऊन पाहिला. भात तांबूस, थोडा जाडा आणि गोड होता. दुपारपर्यंत आपल्याला काही होत नाही असं पाहून मग त्यांनी तो नवऱ्याला आणि लेकीला वाढला.

तरीही पुढच्या शनिवारी त्या परळला गेल्या. गव्हाची पिशवी घेऊन, चिडून. चूक कबूल केली म्हणजे चूक झालीच होती, नाही का? दिनानाथच्या गिरणीत असलं कधी झालं नव्हतं.

"या वहिनी, बऱ्याच दिवसांनी," दिनानाथ म्हणाला. "ठेवा आणि जाऊन या बाजारात."

पण वर्षभरात अंगात मुरलेली सवय. त्या दारातच उभ्या राहिल्या. दिनानाथ बोलत होता, हसत होता, कुणाच्या तरी मुलाच्या बारशाचं विचारत होता. बोलता बोलता प्रत्येकाचं पीठ पिशवीत भरताना त्याचा डावा हात खाली जायचा आणि फळीमागच्या पिंपात एक ओंजळ रिकामी व्हायची. एका म्हातारीच्या पिठातून. मग एका मुलीच्या. त्या हाताला बघावंही लागत नव्हतं, इतका तो सरावलेला होता. मग जयमालाबाईंचे गहू आले. तोच हात, तशीच ओंजळ.

"आमच्यासारखं दळण तिकडं नाही मिळायचं, काय वहिनी?" पिशवी पुढं करत दिनानाथ म्हणाला.

जयमालाबाईंच्या ओठांवर काहीतरी आलं. मागं गर्दी होती, आणि यांतल्या अर्ध्या बायका त्यांच्या लग्नात नाहीतर बाळंतपणात राबलेल्या. "नाही मिळायचं," त्या म्हणाल्या आणि पिशवी घेऊन निघाल्या. मासळीबाजारात गेल्या नाहीत, चहाही घेतला नाही. बसमध्ये त्यांना लग्नापासूनचे सगळे शनिवार आठवत राहिले आणि प्रत्येकातलं काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं. घरी त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नाही. वैजयंतीलाही नाही. नंदकुमारनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बसची फार दगदग होते. आता नाही जाणार."

गुरुवारी त्या पंढरीच्या गिरणीच्या दारात उभ्या होत्या. त्याच्यावर विश्वास बसला होता असं नाही. मीनाबाईंनी एकदा तसं विचारलं तर त्या म्हणाल्या, "विश्वास कसला? पण हा चुकला तर चुकलो म्हणतो. एवढं मी पाहिलंय." एक झालं, त्या पंढरीला अरे-तुरे करायला लागल्या. पुतळाबाईनं पायरीवर थोडं सरकून जागा केली. दोघी शेजारी बसून डब्यांवर नजर ठेवायला लागल्या. जयमालाबाई जात्याकडं बघायच्या, पुतळाबाई जयमालाबाईंकडं. मधूनच एखादा शब्द. भाव, पाऊस, कुणाची सून कशी. इतर बायका डबा ठेवून निर्धास्त निघून जायच्या, जयमालाबाई आहेत ना म्हणून. अशा निघून जाणाऱ्या बायकांचं जयमालाबाईंना नवल वाटायचं.

नंदिनीचं लग्न झालं, ती ठाण्याला गेली. घरात दोघंच उरली. चौऱ्याऐंशी साली एका सकाळी नंदकुमार पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "अगं, परवाच दळण आणलंस ना? आज पुन्हा निघालीस? माणसं दोन, एवढं पीठ खातं कोण?"

जयमालाबाईंनी डब्यात दोनच ओंजळी गहू घेतले होते. त्यांनी झाकण लावून टाकलं.

"एकदम दळून ठेवलं की पिठाला कीड लागते, पावसाळ्यात," त्या म्हणाल्या.

नंदकुमारनी खिडकीबाहेर पाहिलं. फेब्रुवारीचं लख्ख ऊन पडलं होतं. डबा घेऊन जिना उतरणाऱ्या बायकोकडं ते बराच वेळ संशयानं बघत राहिले.