चोरीचा मनी प्लांट

ये इकडे, बस अशी जवळ. समोर असतीस तर असंच म्हणाले असते आणि मग कान धरला असता. नवऱ्याची बदली होऊन फोर्ट विल्यमच्या लष्करी क्वार्टरात राहायला आलीस, कोलकात्यात सख्खी मावशी आहे, आणि एवढ्या दिवसांत आलीस का एकदा तरी? फोन करतेस तो काय विचारायला, तर "मावशी, घरात झाडं खरी ठेवू की खोटी? दोन वर्षांत पुन्हा बदली होणार, खरी कुठे नेऊ?" फोनवर मी म्हटलं, सांगते सावकाश. आता बसून लिहितेच आहे. फोनवर तू मधेमधे बोलतेस.

खोट्या झाडांबद्दल मला विचारलंस ते बरं केलंस. गेले काही महिने माझ्या घरात तीच आहेत.

तुझे काका गेल्यावर मी या सॉल्ट लेकच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते, आणि तुझी मावसबहीण पुण्याहून म्हणते, "आई, कायमची इकडे ये." तिचंही चूक नाही. माझे गुडघे तिला तिथून दिसतात. पण प्रत्येक वेळी मी म्हणायची, "अगं, झाडांना पाणी कोण घालणार?" आणि विषय मिटायचा. बाल्कनीत माझी अळूची कुंडी, गवती चहा, ओवा, गणपतीपुरत्या दूर्वा, तुळस, आणि बैठकीत मनी प्लांट. एवढ्या जिवांना सोडून माणूस कसा जाईल? हे कारण मला बरीच वर्षं पुरलं.

मग गेल्या हिवाळ्यात ती स्वतः आली. येण्याआधीच तिने ऑनलाइन खोकी मागवून ठेवली होती. उघडली तर आत झाडं. पाम, रबराचं झाड, वेली, सगळी प्लास्टिकची. माझ्या खऱ्या कुंड्या तिने शेजारीपाजारी वाटल्या. अळू खालच्या मजल्यावरच्या बंगाली आजींकडे गेला, आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्याची भाजी केली. मनी प्लांट लिफ्टजवळच्या डॉक्टरांकडे गेला आणि पंधरा दिवसांत मेला. ते डॉक्टर चांगले आहेत, नाव ठेवू नये.

"आता अडकायला काही राहिलं नाही," लेक म्हणाली. "चैत्रातलं हळदीकुंकू कर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी न्यायला येते."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? कारणच गेलं होतं.

झाडं दिसायला छान होती, खोटं नाही बोलणार. मनी प्लांटचं तर एखादं पान मुद्दाम पिवळं केलेलं. तुळससुद्धा होती, मंजिऱ्यांसकट. फक्त संध्याकाळी दिवा लावला की ती मऊ पडायची, म्हणून मी दिवा हातभर लांब ठेवायची आणि नमस्कार मधल्या जागेला करायची. बाकी पाणी नाही, खत नाही. पण या गावची धूळ आणि दमटपणा, पानांवर थर बसतो. आमच्याकडे कामाला येणारी बाई रोज ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची आणि म्हणायची, "यांना जेवण नाही, पण अंघोळ रोज."

तर चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं; तुझे काका गेले तरी मी ते सोडलेलं नाही. इथे आपल्या बायका मोजक्याच, तरी सगळ्या आल्या. कैरीची डाळ, पन्हं, ओले हरभरे. गौरीपुढे आरास म्हणून मी पाम आणि रबराचं झाड मांडलं होतं आणि सगळ्यांनी कौतुक केलं. पुण्याला जायचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की खरं होतं.

त्यात माझी एक मैत्रीण होती. दोन गल्ल्या सोडून राहते, जन्म कोलकात्याचा, शाळेत शिकवून रिटायर झालेली. तिचं मराठी वर्गात शिकवल्यासारखं, एकेक शब्द सुटा. ती हळदीकुंकवाला आली की हरभऱ्यांबरोबर काहीतरी तोडून नेते, ही जुनी गोष्ट. मनी प्लांट मागून आणला तर लागत नाही, चोरूनच आणावा लागतो, हे तुलाही ठाऊक असेल. त्यामुळे ती बैठकीच्या कोपऱ्यात गेली की मी स्वयंपाकघरात काहीतरी शोधायला जाते. याही वर्षी गेले. आत उभी राहिले तेव्हा आठवलं की कोपऱ्यातलं झाड आता कुठलं आहे. पण तोवर टक् असा आवाज आला होता.

बाहेर येऊन काही बोलायचं म्हणजे तिला चोर म्हणायचं. सवाष्णींनी भरलेल्या घरात ते कसं म्हणणार? मी तिच्या हातात पन्ह्याचा आणखी एक पेला दिला.

पुढे बरेच दिवस ती काही बोलली नाही. मग एका दुपारी आली, पिशवीत बाटली घेऊन. ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "हे बघ. रागावू नकोस. तुझ्याकडचंच आहे."

"बरं."

"मुलाच्या नव्या घरासाठी नेलं होतं. माझ्याकडचं देऊ शकले असते, पण स्वतःच्या घरात चोरी कशी करणार?"

"खरं आहे."

"याला मूळ फुटत नाही. सुकतही नाही. रोज पाणी बदलते तर पाणी रोज तांबूस होतं. तुझ्या झाडाला काहीतरी रोग आहे. बघून घे, पसरायच्या आत."

मी पाहिलं. आतली तार गंजत होती.

"अगं, ते प्लास्टिकचं आहे," मी म्हटलं.

तिने पर्समधून चष्मा काढला, लावला, पान बोटांत धरलं. मग पामकडे पाहिलं. मग तुळशीकडे.

"आणि खरी?"

"देऊन टाकली."

"मला नाही दिलीस."

"तुला दिली असती तर 'का?' म्हणून विचारलं असतंस."

तिने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. मग सुट्या सुट्या शब्दांत म्हणाली, "म्हणजे तू चाललीस. कायमची. आणि मी इकडे तारेला पाणी घालतेय."

चहा न घेता गेली. बाटली तशीच टेबलावर.

फोन येईना. दोन गल्ल्या चालायला मला किती वेळ लागतो ते तुला सांगत नाही, पण एका सकाळी गेले. तिच्याकडचा मनी प्लांट खिडकीच्या गजांवरून वर चढून पार पंख्याच्या हुकापर्यंत गेलेला आहे. आम्ही दोघी तरुण होतो तेव्हा माझ्या घरातून नेलेला. मला तो पहिल्यांदाच नीट दिसला. माझाच, पण माझ्याकडे कधी इतका वाढला नाही.

ती म्हणाली, "बस. पाणी आणते," आणि आत गेली. पाणी आणायला एवढा वेळ लागत नाही. खिडकीत वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर कात्री. आतून तिने दोनदा खोकून विचारलं, "गार हवं की साधं?"

"साधं," मी म्हटलं, आणि कापलं.

ती बाहेर आली तेव्हा माझ्या पिशवीतून एक पान डोकावत होतं. तिने पिशवीकडे पाहिलं नाही. पाणी दिलं आणि म्हणाली, "एप्रिल आहे. आता लावलेल्याला रोज पाणी लागतं."

"माहीत आहे."

"आपण सांगून ठेवलेलं बरं."

संध्याकाळी मी पुण्याला फोन लावला. म्हटलं, "हिवाळ्यात दोन महिने येईन, हवं तर गणपतीतही येईन. कायमची नाही यायची."

"आई, आता काय झालं?"

"झाडाला पाणी कोण घालणार?"

तिने तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "आई, कुठलं झाड?"

"आहे एक," मी म्हटलं.

ती रागावली आणि मग हसली. गुडघ्यांचं तेल मात्र पाठवलं.

तर आता तुझं. खोटी झाडं हवी तर घे, साहेबलोक येतात तेव्हा बरी दिसतात. माझ्याकडचा पामही ने, खोक्यासकट आहे. पण एक खरं ठेव. बदली झाली की ते नेता येणार नाही, कुणाच्या तरी खिडकीत ठेवून जावं लागेल. मग त्या गावात तुझं काहीतरी वाढत राहील, आणि त्यासाठी कधीतरी यावं लागेल.

माझ्या मनी प्लांटला चार नवी पानं आली आहेत. एस्प्लनेडवरून मेट्रो धर, अर्ध्या तासात इथे. मी काही तो तुला देणार नाही, दिलेला लागत नाही. तू आलीस की चहा ठेवायला आत जाईन, आणि गवती चहा सापडत नाही म्हणून मला बराच वेळ लागेल. कात्री खिडकीत आहे. या रविवारीच ये.