गॅपच्या रकान्यात

सुप्याच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात लॅबच्या शिफ्ट इन्चार्जची जागा निघाली, तेव्हा अर्ज करणाऱ्या चौघांत मीच सगळ्यात जुनी होते. सहा वर्षं रंगाचे नमुने तपासत होते. रंग डब्यात खाली बसतो का, पत्र्यावर लावून पत्रा वाकवला तर तडकतो का. नापास झाला की त्या बॅचवर लाल पट्टी लावायची आणि मग प्रॉडक्शनवाल्यांचे फोन घ्यायचे. "मॅडम, गाडी उभी आहे." उभी राहू दे. या कामात नाही म्हणण्याचाच पगार मिळतो, आणि ते मला जमतं.

मुलाखत घ्यायला तिघं होते. प्लांटचे मोठे साहेब, आमचे लॅबचे साहेब आणि पुण्याहून आलेल्या एच.आर.च्या मॅडम. रंगाबद्दलचे प्रश्न दहा मिनिटांत संपले, कारण तिथे मला अडवण्यासारखं काही नव्हतं. मग मॅडम हसून म्हणाल्या, "आता जरा वेगळा प्रश्न. समजा, दोनपैकी एकच करता येईल. मागच्या काळातल्या स्वतःला एक सल्ला द्यायचा, नाहीतर पुढच्या काळातल्या स्वतःला एक प्रश्न विचारायचा. काय निवडाल?"

माझ्या आधी आत जाऊन आलेल्या तिघांनी हा प्रश्न सांगून ठेवला होता. तिघांनीही सल्लाच निवडला होता. एकाने मागच्या स्वतःला इंग्रजी शिकायला लावलं, दुसऱ्याने मोबाईल खाली ठेवायला. "सल्ला घे, सोपं जातं," असं मला बजावलंही होतं.

माझं उत्तर येण्याआधी मॅडमच मदतीला आल्या. "तुमच्या अर्जात बारावीला एक वर्षाचा गॅप दिसतोय. कारण लिहिलंय, घरगुती. त्या मुलीला काहीतरी सांगावंसं वाटत असेल ना?"

त्या मुलीला सांगणारे काय कमी होते!

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात दसरा झाला की निम्म्या घरांना कुलपं लागतात. माणसं ऊस तोडायला जातात. तिथे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नसतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. "यंदा किती कोयते?" असं मुकादम विचारतो, म्हणजे किती जोड्या. एकटा माणूस हा अर्धा कोयता, आणि अर्ध्याला टोळीत कोणी घेत नाही. मी बारावीत होते त्या वर्षी आईच्या मणक्यातली गादी सरकली. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं. आई म्हणाली, पट्टा बांधून जाते. उसाची मोळी काय पट्टा बघून हलकी होते?

मुकादम ओट्यावर येऊन बसला आणि वडिलांना म्हणाला, "पोरगी हाय की. न्हाईतर लगीन लावा तिचं, जावईबी घेऊन या. अर्ध्याचा दीड कोयता व्हईल." स्वतःच हसला. आत्याला ते पटलं, तिने तर स्थळही काढलं. कॉलेजातले सर म्हणाले, काही झालं तरी जाऊ नकोस, परीक्षा दे. सगळे आपापल्या जागी शहाणेच होते. पण आईचं ओझं कोण उचलणार, हे कोणीच बोलत नव्हतं.

मीच वडिलांना म्हणाले, "दादा, तुमचा अर्धा कोयता मी. पन लगीन न्हाई, आनि पुढच्या वरसाला मी कॉलेजात."

वडिलांनी चोळलेली तंबाखू दाढेला धरली. मग म्हणाले, "सांगतो मुकादमाला."

सहा महिने मी मोळ्या बांधल्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढले. पहिल्याच आठवड्यात वाळल्या पाचटाने मोळी आवळली, ती फळीच्या मधोमध तुटली आणि ऊस सगळ्यांच्या अंगावर. मोळी बांधायला उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं लागतं, ते पीळ दिला तरी तुटत नाही, हे टोळीतल्या सहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. त्यानंतर हंगामभर कुणाचीही मोळी सुटली की बाया ओरडायच्या, "आली बगा कॉलेजची मोळी."

पुढच्या वर्षी बारावी झाले, मग बी.एस्सी. आमच्या घरात पदवीचा पहिला कागद माझ्या नावाचा आहे. तो मी कुणाच्या उपकारावर आणलेला नाही.

पण आई अजूनही म्हणते, "माझ्यापायी तुझं एक वरीस गेलं." दर खेपेला मी तिला सांगते, गेलं नाही, मी दिलं. तिला ते पटत नाही. आता त्या टेबलाशी बसून मी मागच्या मुलीला "जाऊ नकोस" म्हणाले असते, तर आईच्या म्हणण्यावर माझीच सही झाली असती.

"मला सल्ला द्यायचा नाही, मॅडम," मी म्हणाले. "तिने केलं ते बरोबर केलं. तिची मला काळजी नाही. धास्ती आहे ती पुढच्या बाईची. तिला विचारीन, मोठ्या खुर्चीत बसल्यावर वरून फोन आला, तर लाल पट्टी ठेवतेस का काढतेस?"

लॅबचे साहेब खोकले. दिवाळीच्या आधी असा एक फोन मोठ्या साहेबांचाच आला होता आणि मी पट्टी काढली नव्हती, हे तिथे मॅडम सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"आणि गॅप?" मॅडमनी विचारलं.

"ऊसतोड. वडिलांबरोबर. घरगुती लिहिलं ते माझं चुकलं. द्या इकडे, दुरुस्त करते."

"अहो, तसं नका लिहू. आजारपण लिहा. हेड ऑफिसवाले पुढे काही विचारत नाहीत."

"आजारी माझी आई होती, मॅडम. मी कामावर होते."

'घरगुती' खोडून 'ऊसतोड' लिहिलं, शेजारी सही करून कागद परत दिला.

जागा मला मिळाली नाही. माझ्यापेक्षा चार वर्षांनी नव्या इंजिनिअरला मिळाली. माझ्या शेऱ्यात "लवचीकता कमी" असं होतं, हे लॅबच्या साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. पत्र्यावरच्या रंगाला लवचीकता लागते, म्हणून पत्रा वाकवून बघायचा असतो. मला कशाला वाकवून बघताय?

रविवारी सावेडीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीला कुलूप घालून गावी घरी गेले. आई भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी त्या वरसापायी जागाबी गेली."

"त्या वरसापायी न्हाई. फोनापायी गेली असंल."

"आता?"

"पुढच्या खेपेला परत अर्ज भरीन."

"तवा तरी ते उसाचं नको लिहू, बाई."

"तवाबी तेच लिहिनार."

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मला वाटलं आता रडते. पण ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिही मंग. पन अक्षर नीट काढ. त्यान्ला वाचता आलं पायजे."